शेवटच्या डिस्कवरचा जबडा

३ मार्च, सोमवार
आज दातांच्या दवाखान्यात संगणकाची कामं बघायला रुजू झाले. लख्ख फरशी, पांढरे पडदे, लवंगतेलाचा वास. माझ्यासारख्या स्वच्छतेच्या वेडीला आणखी काय हवं? माझ्या धाकट्या बहिणीच्या जबड्यातली गाठ इथल्याच डॉक्टरीणबाई शुक्रवारी काढणार आहेत. गाठ कुठवर पसरली आहे हे दाखवणारे तिचे सगळे फोटोही इथल्याच डिस्कवर आहेत. म्हणजे नोकरी घरचीच म्हणायची.

संगणक मागच्या कोठीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीखाली. डिस्क सगळ्या नव्या, चिपवाल्या, तरी यंत्र गोगलगाईच्या गतीने चालतं. बघते तर आधीच्या माणसाने त्या आयडीई मोडवर, म्हणजे डिस्क चालवायच्या जुन्या, संथ पद्धतीवर ठेवलेल्या. सफाईच्या मावशी म्हणाल्या, तो सांगायचा की हळू चालतंय तेच बरं आहे, कुणी हात लावू नका. काय एकेक नमुने असतात.

४ मार्च, मंगळवार
डिस्कच्या कंपनीची सूचना आज वाचली. या डिस्कच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, दोष आहे. ठरावीक तास चालली की डिस्क कायमची मरते. आपले तास परवा भरतात. अपडेट करायलाच हवं, पण जुन्या मोडमध्ये अपडेटच्या प्रोग्रॅमला डिस्क दिसतच नाहीत. म्हणून आधी नव्या मोडचा ड्रायव्हर चालू केला, मग बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एएचसीआय हा नवा मोड निवडला. उलट केलं असतं तर यंत्र सुरूच झालं नसतं. झालं, आणि पळायला लागलं. स्वतःचीच पाठ थोपटली.

संध्याकाळी कोठीत वास यायला लागला. न घासलेल्या तोंडाला येतो तसा.

५ मार्च, बुधवार
प्रती काढून एकेक डिस्क अपडेट करत गेले. एक बाहेर ओढताना बोटांना चिकट लागलं. पुसायला गेले तर तार आली. लाळ. शी! साबण संपेपर्यंत हात धुतले, जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला. मावशींचं म्हणणं, उंदीर असेल. उंदीर एवढा थुंकतो होय?

मग प्रती तपासल्या. मूळ फोटो ठीक आहेत, पण प्रत कुणाचीही उघडा, एकच तोंड दिसतं. हिरड्यांच्या आत हिरड्या, किडलेल्या दातांमागे दात, मधे केसांचा गुंता. धाकटीचे फोटो कागदावर छापले, मोबाइलने टिपले, तरी तेच तोंड. नवे काढले तर तेही इथेच साठणार. म्हणजे तिचे खरे फोटो फक्त अपडेट व्हायच्या राहिलेल्या शेवटच्या डिस्कवर. बेसिनमध्ये ओकून आले.

६ मार्च, गुरुवार
धाकटी तपासणीला आली आहे, बाहेर बसली आहे. मोड परत जुना केला तर हे सगळं झोपेल असं वाटतं. आधीच्या माणसाला माहीत होतं. पण मग अपडेट होणार नाही, संध्याकाळी डिस्क मरेल, आणि उद्या डॉक्टरीणबाई अंदाजाने कापतील. नाकाला रुमाल बांधला, वीज गेली तरी यंत्र चालावं म्हणून बॅटरी जोडली, अपडेट सुरू केलं. आता मधे वीज तोडायची नाही, तोडली तर डिस्क गेलीच.

निम्मं झालं. डिस्कच्या खणातून गळतंय. कोमट आहे. चपलेत शिरलं.

तिचा फोटो पडद्यावर आपोआप उघडला. मूळचाच. गाठ नाहीये तिथे. दात आहेत— बारीक— माझ्याकडे वळलेले—

धाकटी दार वाजवतेय. म्हणते, ताई, तोंडात काहीतरी फिरतंय, ही माझी जीभ नाही—

थोडंच राहिलंय. बंद केलं तर फोटो गेले— नाही केलं तर ती—

वाजवणं थांबलं. आता दार कुरतडल्याचा आवाज.

गेले फोटो चुलीत. बंद करते. बटण ओलं— मऊ आहे— बोट निघत नाही, ते चोखतंय—