ठोकळा आणि बर्फ

दि. १४, रविवार, सकाळ

अगं,

पत्राला मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून घरात हाक मारतो तेच लिहिलं. मी ठीक आहे. तुम्ही सगळेही ठीक असाल. छोटी आता पळायला लागली असं लेक सांगत होती. पळू दे. जावईबापूंच्या पाठीची मी चौकशी केली म्हणून सांग.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू विचारतेस जेवलात का, मी म्हणतो जेवलो. मग मी विचारतो छोटी झोपली का, तू म्हणतेस झोपली. तेवढ्यात आपलं बोलणं संपतं. पत्रात निदान मध्येच ‘बरं, ठेवते’ म्हणता येत नाही.

इकडची बातमी म्हणजे सण तोंडावर आला आणि गल्लीत पायऱ्या-पायऱ्यांवर कंदील लागायला सुरुवात झाली. गेल्या वर्षीच्या सणालाही तू लेकीकडेच होतीस, तेव्हा आपल्या पायऱ्या तेवढ्या अंधारात होत्या. घरी कोणी आजारी आहे का, असं समोरच्या शिंपीणबाईंनी विचारलं होतं. या वर्षी ते ऐकून घ्यायचं नव्हतं, म्हणून कंदील करायला घेतले. कारण एवढंच, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

सिंकखाली तू कंदिलांसाठी जमवलेले डबे सापडले. कॉफीचे, दूध पावडरचे, धुऊन, वरचे कागद सोलून नीट रचलेले. मी त्यांना भंगार म्हणायचो. भंगार बऱ्यापैकी कामाचं निघालं.

तुझी रीत मला पाठ होती. डब्यात पाणी भरायचं, त्याचा बर्फ करायचा आणि मग खिळ्याने भोकं पाडायची, म्हणजे पत्रा चेपत नाही. पण बर्फ फुगतो, डब्याचा तळ बाहेर येतो आणि कंदील डुगडुगतो. जन्मभर फिटरकी केलेल्या माणसाला डुगडुगणारी वस्तू बघवत नाही. म्हणून जुन्या कारखान्यात गेलो. तिथे अजून मला लेथला हात लावू देतात. प्रत्येक डब्याच्या मापाचा लाकडी ठोकळा कातून आणला. इतका नेमका, की आत ढकलताना हवा फुस्स करून बाहेर आली. कंपासने नक्षी आखली, भोकं पाडली, एक भोक इकडचं तिकडे नाही. खूश होऊन चहा करून घेतला.

चहानंतर ठोकळा निघेना.

खिळा आरपार गेला की भोकाची कड आत वळते. अशा सगळ्या कडा लाकडात रुतून बसल्या होत्या. मी ठोकळ्यात स्क्रू घालून खेचलं, वाइसमध्ये धरून पिळलं, शेवटी पत्रा कापायच्या कात्रीने डबा उभा फाडला. ठोकळा शाबूत, कंदिलाची सालपटं. तरी मी दुसरा केला, मग तिसराही. डोकं ठिकाणावर असलेला माणूस पहिल्यालाच थांबला असता.

ठोकठोक ऐकून शिंपीणबाई आल्या. टेबलावरची सालपटं पाहून हसल्या नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. वहिनींचा बर्फ आपला आपण वितळून जायचा, त्याला ओढावं लागत नव्हतं, एवढं म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गेल्या.

मी तिथेच बसून राहिलो. स्वयंपाकघरात बसलं की समोर ती भिंत येते. कारखान्यात हत्यारांच्या मागे रंगवतात तशा आकृत्या मी तुझ्या झाऱ्यासाठी, डावासाठी, चिमट्यासाठी रंगवल्या होत्या, जी ती वस्तू जिथल्या तिथे जावी म्हणून. सगळ्या आकृत्यांवर वस्तू आहेत, उलथन्याची तेवढी रिकामी आहे. लेकीच्या बाळंतपणाला जाताना माणूस कपडे नेतो, औषधं नेतो. तू उलथनं नेलंस. ते मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. त्याचा विचार करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग फ्रीजर रिकामा केला. मटार दोन दिवस खाल्ले, सकाळ-संध्याकाळ. डब्यांत पाणी भरून बर्फ केला. तळ फुगले, ते उलटे धरून हलक्या हाताने ठोकून बसवले. एवढं साधं होतं ते. डबा टॉवेलावर आडवा ठेवून भोकं पाडली. बर्फाने बोटं बधिर होतात हे तू कधी बोलली नाहीस. ओल्या पत्र्यावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून नक्षी अंदाजाने. मी चांदणी काढली होती. शिंपीणबाई म्हणाल्या, कासव छान जमलंय हो. मी दुरुस्ती केली नाही.

बर्फ वितळला, डबे पुसले, तळाशी वाळू घातली, वर मेणबत्ती. काल तिन्हीसांजेला पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी मांडून पेटवले. तुझ्यासारखे नाहीत, पण उजेड पडला.

आणि लोक आले. कोपऱ्यावरचा पाववाला, वरचे रिटायर मास्तर, शिंपीणबाई. प्रत्येकाने हसत हसत एकच विचारलं, वहिनी आल्या वाटतं? दारात दिवे दिसले म्हणजे तूच आली असणार, असं सगळ्यांना वाटलं. पहिल्या दोघांना मी म्हणालो, येईल, बाळ लहान आहे अजून. बाळ पळतंय. शिंपीणबाईंना तेच सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“नाही, ती येणार नाहीये.”

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. एका कंदिलाची ज्योत वाऱ्यात फडफडत होती, तो त्यांनी भिंतीच्या आडोशाला सरकवला आणि गेल्या.

लेकीने मला फोनवर सांगितलं होतं, बाबा, आईला इथे बरं वाटतंय, तिला न्यायला येऊ नका. मी म्हणालो गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही, तिनेही नाही. कंदील करताना मनात होतं की पायऱ्या पहिल्यासारख्या दिसल्या की तू येशील. आता लिहिल्यावर हे फारच बालिश दिसतंय, पण होतं खरं. मला तुझ्याशिवाय करमत नाही. घर जिथल्या तिथे आहे आणि मला त्यात बसवत नाही.

आज सकाळी टर्पेंटाइन लावून त्या आकृत्या पुसून काढल्या. भिंतीवर धुरकट पट्टा राहिलाय, त्यावर रंग मारायला लागेल. तो मी मारणार नाही. कधी मनात आलं तर रंग तू सांगशील. नाही आलं तरी पट्टा काही मागत नाही.

तर मी तुला बोलावत नाहीये. विचारायचं होतं ते वेगळंच. सणाला मी तिकडे येऊ का? बाहेरच्या खोलीत झोपेन. तुझ्या स्वयंपाकघरात काही हलवणार नाही, तू काही कुठेही ठेवलंस तरी बोलणार नाही. दोन रिकामे डबे घेऊन येईन. छोटीला कासव काढून देता येईल, आता हात बसलाय.

नको असेल तर पत्राला उत्तर देऊ नकोस, मी समजेन, आणि फोनवर जेवलात का हे विचारायचं थांबवू नकोस. पण हरकत नसेल, तर तुमच्या फ्रीजरमध्ये दोन डब्यांपुरती जागा होईल का, तेवढं कळव.

खाली सही करणार होतो. पण माझं नाव तू कधी घेतलं नाहीस, त्यामुळे ते इथे परक्यासारखं दिसतं. जी हाक मारायचीस, तीच लिहितो.

— अहो