तुझ्या लेकाचा डाव

लाडक्या सुध्या,

तू गेल्यापासून मी तुझ्याशी एकदाही भांडले नाही. आज भांडायला बसले आहे, कारण आज आपल्या नानाकाकांनी माझ्या बालवाडीत येऊन तुझ्या शिवूच्या थोबाडीत मारली. पाच वर्षांच्या पोराच्या. त्याच्या ओठातून रक्त आलं आणि मला तू दिसलास, पोळ्याच्या दिवशीचा.

काय अडलं होतं रे तुझं? तोरणाखालून बैल न्यायचे होते आणि रांगेत गजा तुझ्या पुढे होता. तुझा जिवाभावाचा दोस्त. थोडा थांबला असतास तर? तू आधी त्याच्या बैलाच्या तोंडावर काठी हाणलीस, मग त्याच्या. मग त्यानं हाणली ती तुझ्या डोक्यात बसली. लोह्याहून नांदेडला नेताना, विष्णुपुरी यायच्या आत, तू गाडीतच संपलास. गाव गजाला खुनी म्हणतं, मीही म्हणते. पण पहिला हात तुझा होता, हे मी फक्त तुलाच सांगू शकते.

लहानपणीही तू तसाच होतास. विटीदांडूत बाद झालास की दुसऱ्याला डाव द्यायचं तुझ्या जिवावर यायचं. दांडू फेकून मारायचास, आणि अप्पा हसत म्हणायचे, "वाघ हाय माझा." त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आता नानाकाका तसेच हसतात. तुझ्याच अंगणात शिवूच्या हातात काठी देतात आणि विचारतात, "तुझ्या बापाला कुनी मारलं? त्याच्या घरच्याला कसं हानशील?" शिवू काठी फिरवतो, सगळे हसतात. आपली आईसुद्धा, डोळे पुसत.

गजा तुरुंगात आहे, पण त्याची लेक आरू माझ्याच बालवाडीत येते. गावात दुसरी आहे कुठे? शिवू नवा होता तेव्हा त्यानं तिच्या दंडाला असा चावा घेतला की मला ओढून त्याचे दात सोडवावे लागले. तिची आई तक्रार करायलाही आली नाही. कोणत्या तोंडानं येणार?

मी त्याला मारलं नाही, खेळायला बसवलं. तुझी बायको चिडली, "अक्का, पोरगं हाताबाहेर चाललंय अन् तुम्ही खेळच खेळून राहिलात." हो, खेळच. चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड. म्हशीला बोट उचललं की बाद. बोट तर आपोआप वर जायला बघतं. ते नीट ऐकून खाली धरायचं, एवढंच त्यात शिकायचं असतं. आधी बाद झाला की शिवू शेजारच्याला चावायचा. मग नुसता ओरडायला लागला. एके दिवशी त्यानं स्वतःचं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत आवळून धरलं आणि म्हैस काही उडाली नाही. त्या दिवशी मी मागच्या खोलीत जाऊन रडले.

आज पोरं चेंडूफळी खेळत होती. शिवू नुकताच बाद झालेला, फळी अजून त्याच्याच हातात. आरू समोर उभी. नानाकाका दारातून ओरडले, "हान तिला. तिच्या बापानं तुझा बाप खाल्लाय."

फळी वर गेली, सुध्या. पार खांद्यापर्यंत. मी लांब होते. शिवू तसाच उभा राहिला, दात आवळून. मग त्यानं फळी खाली घेतली आणि आरूच्या हातात दिली. "माझा डाव झाला. आता हिचा हाय."

तेव्हा नानाकाकांनी त्याला मारलं. ती फळी घेऊन त्यांचं डोकं फोडावंसं मला वाटलं, खोटं कशाला सांगू? आपलं रक्त एकच. मी त्यांना बाहेर ढकललं. जाता जाता ते म्हणाले, "थांबायला शिकला, बरंच झालं. मोठा झाला की बरोबर डाव साधल."

शिवूनं ते ऐकलं. घरी नेताना त्यानं विचारलं, "आत्या, मोठं झाल्यावर माझा डाव येनार हाय का?" मी त्याचा हात धरून चालत राहिले. उत्तर तुला देते. त्याचा डाव येईल तो चेंडूचा येईल, विटीचा येईल. तू अर्धवट टाकून गेलेला डाव मी त्याच्या वाट्याला येऊ देणार नाही, मग त्यासाठी मला तुझ्या नावाशी वैर घ्यावं लागलं तरी चालेल. गजा सुटून गावात येईल त्या दिवशी शिवूचा हात माझ्या हातात असेल.

तुझी,
अक्का