पांढरी गाडी आणि उघडी जीप

आई,

तू जाऊन बरीच वर्षं झाली, पण कळंबच्या त्या गॅरेजमागचं आवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली होतीस. मी नवऱ्याचं घर सोडून, तान्ही लेक घेऊन तुझ्याकडे परतले होते. गावातून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पेशंट न्यायला एक गाडी घ्यायची आणि ती मी चालवायची, हे तू एकटीनंच ठरवून टाकलं होतंस. कापसाची ती वाईट वर्षं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन तिच्यात शिरलेली माणसं बाहेर यायची ती धडपडत, डोळे चोळत. नवी कोरी गाडी आपल्या आवाक्यात नव्हती. आवारात दोन वापरलेल्या गाड्या उभ्या होत्या, दोन्ही आपल्या चिखलातून चारही चाकांनी निघणाऱ्या. एक म्हातारी जीप, वर ताडपत्री, बाजूंनी उघडी. दुसरी बरीच अलीकडची, पांढरी, काचांची, एसीवाली. आणि किंमत जवळजवळ सारखी. मला पांढरीच हवी होती. पावसात भिजत कोण चालवणार ती जीप?

तू पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसतेस. "काचा लाव, दरवाजे लाव," म्हणतेस. मी लावते आणि बाहेर उभी राहते. आत तू डोळे मिटून, नाकानं श्वास ओढत बसली आहेस, जणू कुणाची नाडी बघते आहेस. मग उतरतेस, नळावर जाऊन हात धुतेस, पुन्हा धुतेस.

"हे नको."

"काहून?"

माझं 'का' मागं टाकून तू गॅरेजवाल्याला विचारलंस, "कोनाची होती हे?"

तो सुपारी चघळायचा थांबला. "औषधाच्या दुकानवाल्याची. शेतीचं औषध, बाई. मांगं एक डबा फुटला होता. काचा लावून, एसी लावून येऊन राह्यला होता बिचारा. घाटात गाडी झाडाले लागली. तशी गाडीले काही नाही झालं."

"अन् मानसाले?"

तो जीपकडे वळला. "हे पाहा नं बाई. इंजिन एक नंबर हाये."

आपण जीप घेतली. येताना रस्ताभर मी फुगून बसले होते. पहिला पेशंट आणला तेव्हा मला थोडं कळलं. डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडातून लाळ, अंगावर औषधानं ओला झालेला शर्ट. तू आधी तो शर्ट काढून फेकलास, साबणानं त्याला धुतलंस, मगच जीपमध्ये घेतलंस, आणि पावसाची भुरभुर असतानाही, मी बाजूला सोडलेली ताडपत्री वर गुंडाळायला लावलीस. मी म्हटलं, "गारठून राह्यला नं तो." तू म्हणालीस, "थंडीचं मी पाहतो. तुले गाडी चालवाची हाये, तू वाऱ्यात राह्य."

पण त्याच हंगामात आपल्या जीपमध्ये एक बाई गेली. ती शेतात गेलीच नव्हती, नवऱ्याचे फवाऱ्याचे कपडे तेवढे तिनं धुतले होते. जीप चढावर रखडत होती आणि तू मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. दवाखान्याच्या दारात तिचा दीर सगळ्यांदेखत म्हणाला, "चांगली गाडी असती तर पोचली असती." तू दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं एकटीच कळंबला गेलीस. मला वाटलं, पांढरी गाडी घ्यायला गेलीस. कदाचित त्यासाठीच निघाली असशील.

ती विकली गेली होती. शेजारच्या गावातल्या एकानं शाळेची पोरं न्यायला घेतली होती.

तू घरी आलीस ती पाणीसुद्धा न पिता म्हणालीस, "पोरं बसून राह्यले तिच्यात." मग रोज सकाळी तू त्या गावच्या स्टँडवर जायला लागलीस. मी जीप घेऊन तुला सोडायला यायची. पोरं दाटीवाटीनं बसलेली, खाली औषध मुरलेला तोच गालिचा, तू एकेका खिडकीपाशी जाऊन काच खाली करायला लावायचीस. गाडीवाला चिडायचा. "बाई, तुमच्या जीपले गिऱ्हाईक भेटत नाही म्हनून माह्या पोटावर काहून येता?" लोक हसायचे. एक आई तर तुला म्हणाली, पोराला वाऱ्यानं खोकला झाला. तू तिला विचारलंस, "खोकला गाडीत बसाच्या आंधी होता का मंग झाला?"  दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा पायी शाळेत निघालेला दिसला, आणि मग आणखी पोरं.

शेवटी वैतागून त्या गाडीवाल्यानं गालिचा नि सीटा उपटल्या आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, पेटवून दिल्या. दुपारी तो आपल्या अंगणात आला, दुसऱ्याचा हात धरून. डोळे उघडत नव्हते. "धूर लागला, बाई," एवढंच म्हणाला. तू त्याला ओट्यावर आडवं केलंस आणि तांब्यामागून तांब्या पाणी त्याच्या डोळ्यांवर सोडत राहिलीस. त्याचे पाय थरथरत होते. मी त्या वासानं नाकाला पदर लावून, भिंतीला टेकून बघत होते. जीपमध्ये घालून त्याला यवतमाळला नेलं. वाचला तो. पुढं त्यानं गाडीला लाकडी बाकं ठोकली. तुझ्याशी मात्र कधी बोलला नाही, आणि तूही ती गोष्ट कुणाला सांगितली नाहीस.

तुझ्यामागं जीप मी चालवत राहिले. आता तिचे पार्ट मिळत नाहीत. यंदा पुन्हा पऱ्हाटी वाढली आहे, फवारे सुरू झालेत. परवा तुझ्या नातीला घेऊन दुसरी गाडी बघायला गेले. तीही वापरलेलीच, बंद काचांची, आणि मॉडेल पाहता फारच स्वस्त. मी मागच्या सीटवर बसले, दरवाजे लावून घेतले, डोळे मिटले. तुझी नात बाहेरून विचारते, "आई, वास येऊन राह्यला का?" मी नाही म्हटलं. मग ती आत डोकावली आणि म्हणाली, "सेंटचा मस्त वास येते." सौदा झाला. उद्या ती गाडी दारात येईल, आणि ती चालवणार आहे तुझी नात.

आई, गेल्या वर्षापासून मला कशाचाच वास येत नाही. दूध उतू जाऊन करपलं, तरी धूर दिसल्यावर कळतं. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.