संघटनेला खोली मिळाली

४ ऑगस्ट
बालगृहचालक संघटनेच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवड. समोर उभं राहायची कोणाची छातीच झाली नाही. गाद्या शिवण्यापासून सुरुवात करून आज स्वतःचं बालगृह चालवणारा माणूस सभासदांना दुसरा मिळणार कुठे!

पहिल्याच सभेत मोकळेपणाने विचारलं, बोला, संघटनेकडून काय हवं? पीटीमास्तर म्हणाले (मुलांचं बालगृह चालवतात, आवाज लाउडस्पीकरचा), पोरगं बिथरलं की धरायचं कसं ते शिकवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या (मुलींचं बालगृह, आवाज नाहीच), धरायचं नाही, शेजारी जमिनीवर बसायचं. मास्तर म्हणाले, बसा तुम्ही! आणि पाण्याचा जग भिरकावला. बाई वाकल्या. मी वाकलो नाही.

कपाळाला टाके. चर्चा सकस झाली.

६ ऑगस्ट
डोकं ठणकतंय, पण आपले कान तिखट. जिन्यात मास्तर बाईंना म्हणत होते, ही संघटना आहे कुठे? आपली माणसं पोरांच्या हातचा मार खातात तेव्हा असते कुठे? दिसली कुठे तुम्हाला? बाई म्हणाल्या, अगदी खरं.

परवा डोकी फोडणारे आज एका सुरात बोलतात, म्हणजे मागणी मनापासूनची. आणि प्रत्येक वाक्यात 'कुठे'. शहाण्याला इशारा पुरे. सभासदांना ऑफिस हवंय!

संकल्प: आठवड्याच्या आत ऑफिस. जागा आपल्याच बालगृहात.

९ ऑगस्ट
तळमजल्यावरची छोटी खोली रिकामी केली. तिथे दोघी बहिणी झोपायच्या. थोरलीला वर मोठ्या मुलींच्या हॉलमध्ये पाठवलं, धाकटीला खाली लहानांत ठेवलं. वयानुसार, शास्त्रशुद्ध. थोरलीने विचारलं, हिला रात्री भीती वाटली तर? म्हटलं, बेटा, सामाजिक कामात थोडी झळ सगळ्यांनाच सोसावी लागते.

तिने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. दात मजबूत. आमच्या जेवणाची याहून चांगली जाहिरात नाही.

११ ऑगस्ट
पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं. दुपारी थोरलीने तिच्यावर वीट मारली. 'सं' उडाला. आता पाटीवर उरलंय, 'बालगृहचालक घटना'. येणारे-जाणारे विचारतात, काय झालं इथे?

धाकटी रात्रभर रडते, अशी लहानांना सांभाळणाऱ्या ताईंची तक्रार. दात येत असावेत. सहा वर्षांची आहे, पण काही मुलांना उशिरा येतात.

१४ ऑगस्ट
मास्तरांचा फोन. एका पोराने खुर्ची फिरवून त्यांच्या रखवालदाराचं बोट मोडलं, दुसरं माणूस नाही, कोणाला तरी ताबडतोब पाठवा. त्यांना ऑफिसची आनंदाची बातमी दिली. वेळ अकरा ते पाच. ते माझ्या वडिलांबद्दल काहीतरी बोलले. वडिलांना ते ओळखत होते, हे माहीत नव्हतं.

इकडे थोरलीने वरून कुंडी टाकली. नेम थोडक्यात चुकला. वय आहे, जमेल.

१७ ऑगस्ट
सभासदांना ट्रेनिंगही हवंय म्हणे. बाहेरचा तज्ज्ञ कशाला? मी स्वतःच एक तंत्र शोधलं: 'प्रेमळ पकड'. मागून जायचं, दोन्ही हात कवेत घ्यायचे, कानाशी गुणगुणायचं.

मेहुण्यावर रंगीत तालीम केली. तो संघटनेचा सचिव आहे. म्हटलं, रागावलेलं मूल हो. इतका समरस झाला की माझ्या लग्नातला मानपान उकरून काढला आणि कोपर हाणलं. बरगडी. बायको दारातून म्हणाली, हळू रे दादा. मग थोड्या वेळाने म्हणाली, तिथे नको, डावीकडे मार.

तंत्र यशस्वी. फक्त गुणगुणायला श्वास पुरत नाही.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
नव्या ऑफिसात सभा. डाव्या हाताने लिहितोय.

मी प्रेमळ पकडीवर बोलत होतो, तोच खिडकीची काच फुटली. मग दार. थोरली आत, हातात खाटेचा पाय. कपाटाचा आरसा, फुलदाणी, मेहुण्याचा चष्मा, या क्रमाने. मी म्हटलं, सभासदहो, प्रात्यक्षिकाची सुवर्णसंधी! मागून गेलो, कवेत घेतलं, गुणगुणलो. तिने डोकं मागे आपटलं. पुढचा दात आणि एक सूर गेला. हात सोडवायला तिने माझ्या उजव्या मनगटावर खाटेचा पाय हाणला. मास्तर धरायला धावले, पुढचा तडाखा त्यांच्या गुडघ्यावर बसला. ते मटकन खालीच बसले.

डॉक्टरीणबाई तिथे आधीच जमिनीवर बसलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं गं?

ती धापा टाकत म्हणाली, ही आमची खोली आहे. खाली ती रडते, मला वर ऐकू येतं, जिन्याचं दार उघडू देत नाहीत.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. अहो, पोरींची खोली काढून घेतलीत? म्हटलं, सभासदांचीच मागणी होती. कोणाची, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. सचिवांनी हात वर केला आणि चष्मा नव्हता तरी सगळ्यांचे चेहरे दिसल्यासारखा खाली घेतला.

ठराव: खोली रिकामी करावी. सर्वांनी उचलून धरला. मग टेबल उचललं. मग कपाट. मी कायदेशीर अध्यक्ष असल्याने उठायला नकार दिला, तेव्हा खुर्चीसकट मलाही. व्हरांड्यात ठेवताना हळू ठेवता आलं असतं.

२१ ऑगस्ट
बाई अध्यक्ष. संघटना म्हणजे आता फक्त एक फोन. पाळीपाळीने एकेकाने जवळ ठेवायचा, ज्याच्याकडे पोर बिथरेल त्याने त्यावर कळवायचं, ज्याचं बालगृह जवळ त्याने धावत जायचं. पहिली पाळी मास्तरांची. पाटी नाही, पॅड नाही, याला काय संघटना म्हणायचं?

दुपारी नंबर चालतो का बघायला फोन लावला. मास्तर ओरडले, बोला, काय मोडलं? म्हटलं, काही नाही. दोघी आपल्या खोलीत आहेत, आतून कडी लावलीय. मेहुण्याने राजीनामा दिला. बायको माहेरी गेलीय, त्याच्याचबरोबर. घरात शांतता आहे.

ते म्हणाले, मग तुम्हाला हवंय काय?

म्हटलं, काही नाही हो. फक्त लगेच ठेवू नका.

मास्तरांनी एक सणसणीत शिवी हासडली. पण ठेवला नाही.