तुझ्या स्लॅबचं पाणी

१७ मे

प्रिय बद्री,

तुझा ट्रॅक्टरवाला लखन सकाळी दोनशे फूट काळा पाइप माझ्या ओट्यावर टाकून गेला. मालकांनी सांगितलंय म्हणाला, आडात मोटार सोडायची आणि तुझ्या पोरीच्या लग्नाचे चार दिवस मांडवाला पाणी घ्यायचं. भिंतीपलीकडे राहणारा माझा धाकटा भाऊ, आणि निरोप मालकांचा. तू स्वतः आला असतास तर तोंडावर बोलले असते. आला नाहीस म्हणून लिहितेय. आणि सगळं वाचावं लागेल तुला, कारण पाणी देणार की नाही ते मी शेवटी लिहिणार आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने दुसरी केली आणि मी एक पेटी घेऊन परत आले, तेव्हा आई जिवंत होती. तिच्या शब्दाखातर तू मला मागच्या दोन पत्र्याच्या खोल्या आणि अंगणातला आड दिलास. आधी केजच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही मात्र घेतलीस. येताना स्टँडवर भजी खाऊ घातलीस, तीही मी खाल्ली. आड तेव्हा कित्येक वर्षं कोरडा होता, तुमच्या घरचा केर त्यात पडायचा. तू पारावर बसून सांगायचास, "आक्काला आड दिलाय की, आनखी काय पायजे तिला?" लोक हसायचे. शेजारच्या सावित्रीबाईंनी मला हे सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही हसू आवरलं नाही. मी काही विसरत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मग तू पुढे स्लॅबचं घर बांधलंस. चांगलं बांधलंस, खोटं कशाला बोलू. पण स्लॅबचं पाणी उतरायचे तिन्ही पाइप तू माझ्या अंगणात काढलेस. तुझ्या पोर्चमध्ये चिखल नको म्हणून. पहिल्या पावसाळ्यात माझी चूल वाहून गेली, सरपण भिजलं. मी भांडायला आले तर तू आत जेवत बसलास आणि वहिनीला बाहेर पाठवलंस. ती म्हणाली, पाणी उताराकडंच जाणार, त्याला आमी काय करणार. त्या दिवशी मी रडले. शेवटचं रडणं तेच.

तेव्हा मी शाळेत खिचडी शिजवायला जात होते. शाळेच्या छताचं पाणी पन्हळीने गोळा करून, वाळू-खडीतून गाळून विहिरीत सोडलेलं मी रोज बघायचे. एक दिवस डोक्यात आलं, बद्रीने तर माझ्या दारात नदी आणून सोडली आहे. आश्रुबा गवंड्याला घेऊन आडातला केर उपसला. चौदा दिवस लागले. तुझ्या घरच्या बाटल्या, फुटक्या चपला, एक अख्खी सायकल निघाली. माझे पत्रे आणि तुझे तीन पाइप एका पन्हळीला जोडले. पहिल्या वर्षी मी चूक केली. पहिल्याच पावसाचं पाणी तसंच आत सोडलं. सगळ्या उन्हाळ्याची कबुतरांची घाण आणि लिंबाचा पाला आडात गेला, महिनाभर वास मारत होता. तू भिंतीवरून डोकावून नाकाला रुमाल लावलास. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. पहिले दोन पाऊस बाहेर सोडायचे, मग पाणी पिंपातून गाळून आडात घ्यायचं. पिंपात खाली खडी, वर कोळसा, त्याच्यावर वाळू. आडाच्या बाजूला खड्डा खणून उरलेलं त्यात मुरवायचं. तिसऱ्या वर्षी चैत्रात पोहरा टाकला आणि तो बुडाल्याचा आवाज आला. चौथ्या वर्षी सावित्रीबाई घागर घेऊन आल्या. आता हसत नाहीत.

यंदा तुझा सहाशे फुटांचा बोअर पाडव्यालाच गेला. टँकर तीन दिवसांआड येतो आणि वेशीतच संपतो. माझ्या आडात आज पाच हात पाणी आहे, सकाळीच दोर टाकून मोजलं. त्यातलं निम्म्याहून जास्त तुझ्या स्लॅबचं आहे. तू मला छळायला सोडलेलं पाणी मी जपून ठेवलंय, आणि आज तूच ते मागतोयस. हे लिहिताना मला बरं वाटतंय, अगदी मनापासून बरं वाटतंय.

आता पत्रिकेचं. लग्नाची पत्रिका मी किराणा दुकानात पाहिली, माझ्याकडे तू आणलीच नाहीस. त्यात वहिनीच्या माहेरची सतरा नावं आहेत, ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याचंही आहे. आत्याचं नाही. रोहिणी बारा दिवसांची होती तेव्हा तिच्या कानात नाव मी सांगितलं. रोहिणी नक्षत्रात झालेली पोर, पावसाची पोर, म्हणून ते नाव मी शोधलं होतं. तेव्हा मी नांदती सवाष्ण होते, तुम्हाला चालत होते. साखरपुड्याला मात्र तू मला दारातच थांबवून म्हणालास, "सवाष्णींचं काम हाय आक्का, तू लांब बस." मी लांब बसले. माझी ताटली तिथेच आणून दिली तुम्ही.

तर ऐक, हे पत्र कशासाठी लिहिलं ते. काल दुपारी रोहिणी मागच्या दाराने आली होती. पत्रिका घेऊन आली, आणि सगळ्यांच्या वर तिने पेनाने माझं नाव लिहिलेलं होतं. म्हणाली, "आत्या, हळदीचं पाणी तुज्याच हातचं पायजे. न्हाई तर म्या पाटावर बसत न्हाई." हे तुला सांगायचं तिला धाडस होत नाही, म्हणून मी सांगतेय. पाहुण्यांना प्यायला, रांधायला, हात धुवायला पाणी मी देईन, पाहुण्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. पण आडात मोटार उतरणार नाही. पोहरा आहे, दोर आहे. वहिनीने आणि तू ओढायचं, सावित्रीबाईंच्या मागे रांगेत उभं राहून. आणि हळद तुझ्या मांडवात लागणार नाही, माझ्या अंगणात लागेल, आडाच्या काठावर. पहिली घागर पोरीच्या डोक्यावर मी ओतेन. सवाष्णी त्यानंतर. तू हवं तर लांब बस, ताटली मी तिथे आणून देईन. पाइप परत मागू नकोस, तो मी पन्हळीला लावणार आहे. मृग तीन आठवड्यांवर आलाय.

तुझीच,
मुक्ताआक्का