तुझी पट्टी मी सरळ केली होती

प्रिय सुमती,

आज सकाळी पातेल्यातल्या पाण्याला आधण आले आणि मी इतका घाबरलो, की गॅस बंद करून थेट टेबलाशी येऊन बसलो. ते पाणी चहाचे नव्हते. कशाचे होते, हे तुझ्यावाचून कोणाला सांगू?

अक्षर पाहून दचकू नकोस. डाव्या हाताने लिहितो आहे. गेल्या महिन्यात मला अर्धांगाचा झटका आला. हलका होता, असे डॉक्टर म्हणाले. वाचा शाबूत आहे, पाय चालतात. परंतु उजव्या हाताची बोटे तळव्याकडे वळू लागली आहेत. सकाळी जाग आली, की डोळे मिटलेलेच ठेवून मी आधी ती उघडून पाहतो. ती उघडतील की नाही, हे कळण्यापूर्वीचा तो एक क्षण! एवढे भय मला आयुष्यात कधी कशाचे वाटले नव्हते.

अलिबागला त्याच बाईंकडे जातो, ज्यांनी तुझ्या संधिवाताच्या हाताला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, करून दिली होती. त्यांच्या ऑक्युपेशनल थेरपीला ‘व्यवसायोपचार’ हा मराठी शब्द मी त्यांच्यासमोर मुद्दाम उच्चारला. त्या हसून म्हणाल्या, “काका, आमच्याकडे सगळे ओटीच म्हणतात!” तू असतीस तर तूही हसली असतीस.

परवा त्यांनी माझीही पट्टी केली. गरम पाण्यात ते पांढरे प्लास्टिक बुडवले, ते लाटीसारखे मऊ झाले, मग माझ्या हाताखाली धरून थंड होईपर्यंत दाबून ठेवले. मनगट किंचित वर, बोटे किंचित वाकलेली, जणू हातात पेला धरला आहे.

मी म्हणालो, “ही वाकडी झाली आहे.”

“ती वाकडीच हवी, काका. हात निवांत असतो तेव्हा असाच असतो. सपाट फळीवर बांधून ठेवलात तर तो दुखेल, नाही का?”

सुमती, तेव्हा मला तो एप्रिल आठवला.

खळ्यात सुपारी वाळत होती. तू पट्टी धुतलीस आणि सुपारीशेजारी तापलेल्या पत्र्यावर वाळत ठेवलीस. आपल्याकडे धुतलेली प्रत्येक वस्तू उन्हातच जाते. त्यात तुझे काय चुकले? दुपारी ती लुळी पडली होती. “अहो, हे बघा काय झालं!” म्हणत तू ती माझ्यापुढे धरलीस. तेव्हाच रिक्षा बोलावून तुला अलिबागला न्यायला हवे होते. मी काय केले? पाणी उकळले, पट्टी त्यात बुडवली, टेबलावर पसरली आणि तिच्यावर शब्दकोशाचे दोन जाड खंड ठेवले. “मुळातच वाकडी केली होती त्यांनी,” मी म्हणालो. “आता बघ, कशी सरळ झाली!” चाळीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाला दुसऱ्याचे काम दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही.

तू ती बांधलीस. ओठ घट्ट मिटलेस. म्हणालीस, “तुम्ही केलीत म्हणजे बरोबरच असेल.”

का म्हणालीस असे? एकदा तरी ओरडायचे होतेस माझ्यावर! अंगठ्याच्या बुडाशी पडलेली जखम तू आठ दिवस पदराखाली लपवलीस, वर खोबरेल तेल लावत राहिलीस. मग पट्टी कपाटावर गेली. त्यावर मी तुलाच बोललो, “दिलेली वस्तू वापरण्याची शिस्त नाही तुला.” पुढे तुझी बोटे करंगळीकडे झुकत गेली आणि कागदासारखी पातळ सुपारी कातरणाऱ्या तुला अडकित्ता धरवेना. कदाचित ती तशीही झुकली असती; आजारच तसा होता. परंतु ‘कदाचित’ या शब्दाचा आधार मला पुरत नाही.

परवा बाईंनी विचारले, “काकू नंतर आल्याच नाहीत. पट्टी नीट बसत होती ना?”

“उत्तम बसत होती,” मी म्हणालो. खोटे बोललो, सुमती! तुझ्याविषयी.

आणि आज सकाळी उठलो तो माझ्या अंगठ्याच्या बुडाशी लाल वण. अगदी तुझ्याच जागी. बाईंनी बजावले होते, “वण वीस मिनिटांत गेला नाही, तर इकडे या. घरी काही करू नका.” मी घड्याळ पाहत बसलो. आठ मिनिटे धीर धरला. मग काय झाले कळले नाही. भानावर आलो तेव्हा पातेले गॅसवर होते, पाणी उकळत होते आणि शब्दकोशाचा एक खंड डाव्या हाताने टेबलावर आणून ठेवलेला होता. या दोन हातांपैकी बिघडलेला कोणता, हेच मला कळेना. म्हणून घाबरलो.

बाहेर जनार्दनची रिक्षा आली आहे. मीच फोन केला. माझा जुना विद्यार्थी तो, खिडकीशी येऊन ओरडतो आहे, “गुरुजी, चला की! आमच्या हातावर छड्या मारल्यात, आता तुमचाच हात बांधून ठेवलाय. देव हाय बघा!”

“आहे म्हण, आहे,” मी म्हणालो.

“हाय तर हाय! हात बरा होऊ द्या, मग मारा छडी.”

हसू आले, आणि पाठोपाठ रडूही. हात बरा झाला नाही तर? कायमची मूठ झाली तर? हा प्रश्न मी अजून कोणापाशी उच्चारलेला नाही. उच्चारण्याचेही भय वाटते.

कपाटावरून तुझी पट्टी काढून पिशवीत घातली आहे. अजून सरळ आहे, फूटपट्टीसारखी. वचन देतो, ती बाईंच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, “ही मी बिघडवली. परवा मी खोटे बोललो.” मग माझा हात पुढे करीन आणि जेथे दुखते तेथे बोट ठेवून सांगेन. तू सांगितले नाहीस तेही.

तुझा,
दिनकर
रेवदंडा