विषय : चिंगीच्या तपासण्यांबाबत

५ डिसेंबर, गुरुवार. दु. १२.४०

आत्ताच जनावरांच्या दवाखान्यातून आलो. डोकं भणभणून राहिलं आहे. चिंगी चार दिवसांपासून घटाघटा पाणी पिते आणि ताटलीकडे बघत नाही, एवढंच सांगायला गेलो होतो. डॉ. अस्मिता म्हणजे वय असेल अठ्ठावीस. तिनं पोट दाबलं, ताप घेतला, हिरड्या बघितल्या आणि तीन टेस्ट लिहून मोकळी झाली. रक्त, लघवी, सोनोग्राफी. म्हणे गर्भाच्या पिशवीत इन्फेक्शनची शंका आहे, उद्यापर्यंत करूनच घ्या काका. तोवर पाच दिवसांच्या गोळ्या.

मी विचारलं, शंका आहे की खात्री आहे? म्हणाली, खात्रीसाठीच तर टेस्ट. म्हणजे माहीत काहीच नाही!

वर मलाच विचारते, हिची नसबंदी काहून नाही केली? सांगितलं, प्रस्ताव २०१९ पासून विचाराधीन आहे.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो ते उगाच नाही. कागद आला की आधी ठेवून द्यायचा. निम्मे प्रश्न ठेवल्या ठेवल्या सुटतात. 

ठराव : घाई करायची नाही. चिंगीच्या नावाने नवी फाइल उघडली, लाल लेस लावली. डॉक्टरचा कागद पान क्र. १.

सायं. ६.१५

प्रश्न पैशाचा नाही. प्रिन्सिपलचा आहे. बायकोला, शामलाला, हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, मी कुठे पैशाचं नाव काढलं?

चिंगी तशी भैरवीची. पोरगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि ही सहा वर्षांची बाई आमच्या गळ्यात टाकून गेली. मला कुत्र्याबित्र्यांचं वेड नाही. ती माझ्या उशीवर झोपते ती फक्त हिवाळ्यापुरती. उन्हाळ्यात कूलरसमोर.

६ डिसेंबर, शुक्रवार. स. ११

डॉक्टरच्या कागदावर त्रुटीपत्र तयार केलं. एकूण सात मुद्दे. मुद्दा २ : पोट दाबूनही निदान होत नसेल तर ते दाबण्याचे प्रयोजन काय? मुद्दा ५ : सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढणार असल्यास थंडीचा विचार झाला आहे काय? अक्षर सुंदर आलं. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला.

स. ११.२०

उत्तर आलं. काका, प्लीज आजच आणा.

सात मुद्द्यांना एक ओळ! आमच्या वेळी असल्या ज्युनिअरला मेमो गेला असता. पूर्तता होईपर्यंत प्रकरण पुढे सरकणार नाही.

दु. ४

पाणी आता मापाच्या मगाने देतो. सकाळपासून दीड लिटर झालं. एवढंसं पोट, जातं कुठे? तीनदा उठून बघून आलो. चौथ्यांदा शामला म्हणाली, एवढं बघता तर रिक्षाच करा नं. बायकांना प्रोसिजर कळत नाही.

७ डिसेंबर, शनिवार. स. ९.३०

उलगडा झाला!!

समोरचे चंपतराव चहाला आले होते. कन्हानकडे शेती, जन्म गाईम्हशींत गेला. चिंगीला उभ्या उभ्या एक नजर टाकली. म्हणाले, अजी भाऊ, टेष्ट कायच्या करून राहिले, पोट पाहा नं तिचं, गाभन हाये ते! मले नाही समजन त कोनाले समजन?

आणि खरंच. पोट वाढलेलं. सुस्ती. अन्नावर वासना नाही. दिवाळीत ती माजावर होती हे खुद्द शामलाच म्हणाली होती. सगळं जुळतं. अठ्ठावीस वर्षांची पोरगी मशीन मागते आणि चंपतरावांना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. याला म्हणतात अनुभव.

शामलाचा आक्षेप : माजाचे दहाही दिवस तिनं चिंगीला वरच्या खोलीत कडी लावून ठेवलं होतं. आक्षेप फेटाळला. आकाशकंदील लावताना गेट मी स्वतः उघडं ठेवलं होतं, आणि ती जिन्यावरून आलीही होती. पाच मिनिटं. पाच मिनिटांत काय होत नाही?

हिशेब केला. त्रेसष्ट दिवस. जानेवारीचा पहिला आठवडा. मी आजोबा.

९ डिसेंबर, सोमवार. स. १०

चिंगी दहीभात जेवली! अर्धी वाटी, पण जेवली. शेपटीही हलवली. गेटपर्यंत येऊन दूधवाल्यावर भुंकली. फाइलवर शेरा मारला : प्रकृतीत समाधानकारक सुधारणा, तपासण्यांची आवश्यकता नाही. खाली सही, तारीख.

शामला म्हणते हा गोळ्यांचा गुण. गोळ्या आज संपल्या, उद्या बघू म्हणते. सुधारणा कशानेही होवो, हिला श्रेय दुसऱ्याला द्यायची घाई.

पिल्लांचं वाटप ठरवलं. एक चंपतरावांना, शेतावर. एक भैरवीला. एक माझ्या जुन्या ऑफिसात, गेटवर बसायला. चौथं घरी राहील. मला वेड नाही, पण चिंगीला सोबत पाहिजे.

१० डिसेंबर, मंगळवार. सायं. ५

गल्लीच्या तोंडाशी ताराचंदचं किराणा दुकान आहे. त्याच्या पायरीवर टायगर बसतो. दिवाळीत गेटसमोर शेपटी हलवत होता तो हाच, मला पक्कं आठवतं. तेव्हा रीतीप्रमाणे संत्राबर्फीचा डबा घेऊन गेलो. ताराचंदला म्हटलं, तोंड गोड करा, आपण आता व्याही.

ताराचंद बर्फी खाता खाता एवढा हसला की खोकला लागला. म्हणे, बाबूजी, इसका तो दो साल पहले नसबंदी का ऑपरेशन हो गया, म्युनिसिपालटी के गाडीवाले ले गए थे. टायगरचा कान धरून दाखवला. टोक कापलेलं. म्हणे ही तीच खूण.

परत येताना विचार केला. ऑपरेशन सरकारी. सरकारी कामाची क्वालिटी मला कोण सांगणार, चौतीस वर्षं मी आत होतो.

शिवाय आमच्या महाल भागात कुत्रं काय एकच आहे?

(डबा मात्र ताराचंदनं ठेवून घेतला.)

१२ डिसेंबर, गुरुवार. दु. १

चिंगी कालपासून काही खात नाही. पाणी पिते आणि ओकते. डोहाळे कडक लागले आहेत.

डॉ. अस्मिताचा फोन आला. उचलला नाही. परत आला. मेसेज केला की महत्त्वाच्या बैठकीत आहे. बैठक होतीच, चंपतरावांच्या ओट्यावर. चंपतराव सारखे आमच्या गेटकडे बघत होते. म्हणाले, गाय एवढं ओकत नाही गा. मी म्हटलं, चंपतराव, गाय आणि कुत्रं यात फरक आहे. ते म्हणाले, हो, थे त हायेच.

दु. ३.३०

चिंगीचं नाक गरम लागलं. माझा हात गार असेल. थंडी आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार. रा. ८

शामलाशी कडाक्याचं भांडण. मी एवढंच म्हणालो, की भैरवीच्या वेळी तुलाही अन्न जात नव्हतं, आठव. तर एकदम उसळली. म्हणाली, आठवते नं! डॉक्टरीणबाई ॲडमिट व्हा म्हणत होत्या आणि तुम्ही मला दुसऱ्या ओपिनियनसाठी शेअर ऑटोत कोंबून कामठीला नेलं होतं. परत येताना पोरगी ऑटोत व्हायची बाकी होती. दुसरं ओपिनियन काय आलं होतं, ते पण सांगा.

दुसरं ओपिनियन तेच आलं होतं. पण ते मुद्द्याला धरून नाही.

ती जेवली नाही. चिंगी जेवली नाही. मीही दीडच पोळी खाल्ली.

ठराव : सोमवारी टेस्ट करायच्या. चला, होऊन जाऊ दे. पण सोमवारी विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतं, निम्मे रस्ते बंद असतात. मंगळवारी. मंगळवारी नक्की.

१४ डिसेंबर, शनिवार. स. ७

पाच वाजल्यापासून तिच्याशेजारी जमिनीवर बसून आहे. श्वास मोजले. मग परत मोजले. किती असायला पाहिजे तेच माहीत नाही, तर मोजून काय करणार. दूधवाला आला तरी उठली नाही. नुसता कान हलला.

पोट मात्र टम्म. चार नाही, सहा पिल्लं असणार.

स. ११

घरात मरगळ आली आहे. काहीतरी शुभ झालं पाहिजे. उद्या रविवार, चिंगीचं डोहाळजेवण करतो. बाजारातून हिरवा खण आणला, मोगरा मिळाला नाही म्हणून शेवंतीची वेणी आणली. पेढा आणि बर्फी आणली, दोन वाट्यांत झाकून ठेवायला. चिंगी ज्या वाटीला नाक लावेल त्यावरून कळेल मुलं की मुली. टेस्ट म्हणतात ती हीच. सुई नाही, काही नाही.

शामलाला ओटी भरायला सांगितलं. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. एवढ्या वर्षांत असं बघितलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार. सायं. ७. दवाखान्याच्या बाकावर

लिहिलं नाही तर बसवणार नाही. तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो.

संध्याकाळी पाचला चिंगीला पाटावर बसवलं. बसली कुठे, ठेवली. खण पाठीवर घातला तर तो घसरला, ती हललीच नाही. दोन वाट्या समोर सरकवल्या. नाक लावेना. मी वाटीवरचं झाकण काढलं, पेढा तिच्या ओठाला लावला. जीभ पांढरी होती. चंपतराव गुडघ्यावर बसले, हिरडी दाबून पाहिली, आणि उठून मला म्हणाले, भाऊ, मी चुकलो गा. हे गाभन नाही. माया वावरात गाय अशी झाली असती त मी अर्ध्या रात्री डॉक्टर उठवला असता. तुम्ही काय पाहून राहिले?

काय पाहून राहिलो होतो मी?

शामला तोवर चपला घालून तयार होती. तिनं चिंगीला आपल्या शालीत गुंडाळलं आणि ऑटो थांबवला. मी मागून धावत बसलो. हातात फाइल होती. काहून घेतली देवाला ठाऊक.

रविवार म्हणून दवाखाना बंद. शामलानं फोन लावला, डॉ. अस्मिता वीस मिनिटांत आली. सोनोग्राफीला पाच मिनिटं लागली. पाचच. पिशवी पुवानं भरली आहे म्हणाली, आत्ताच काढावी लागेल, वाचेल असं मी सांगू शकत नाही. मी फाइल पुढे केली. तिनं ती घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवली. मग संमतीचा कागद दिला. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली.

मी विचारलं, पिल्लं? ती आत जाता जाता थांबली. म्हणाली, काका, पिल्लं नव्हतीच. इन्फेक्शनची शंका मी पहिल्याच दिवशी सांगितली होती.

शामला बाकाच्या त्या टोकाला बसली आहे. मी या टोकाला.

सायं. ७.५०

अजून दार उघडलं नाही. आज चिंगी वाचली तर यापुढे डॉक्टर जे लिहील ते सगळं, त्याच दिवशी.

नाही वाचली तर काय करायचं ते सुचत नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार. दु. ४.३०

चिंगी घरी आली. पोटावर टाके, गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. तीन दिवस सोडा, अजून एक दिवस उशीर केला असता तरी गेली असती, असं डॉ. अस्मिता म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दहा दिवसांनी परत रक्त तपासायला आणा म्हणाली. मी विचारलं, उपाशी पोटी आणायची का? बाकी एकही मुद्दा काढला नाही.

ऑटोत ती माझ्या मांडीवर होती. भोंगा माझ्या पोटाला टोचत होता, तरी ती त्यातूनच माझा हात चाटून राहिली होती. मला रडू आलं. ऑटोवाल्यानं आरशात बघितलं.

शामला तीन दिवसांपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. बरोबर आहे तिचं.

सायं. ६

भैरवीचा फोन. रविवारीच तिला ऑपरेशनचं कळवलं होतं, पुढचं मागचं नव्हतं सांगितलं. शामलानं फोन स्पीकरवर टाकला. भैरवी रडून राहिली होती. म्हणाली, आई, मी नेटवर वाचलं, यात एक दिवसाचा उशीर झाला तरी कुत्रं जातं म्हणे. तुमच्या लक्षात कसं आलं?

शामलानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

ती म्हणाली, बाबांच्या लक्षात आलं. पहिल्याच दिवशी घेऊन गेले ते.

मग फोन माझ्या हातात दिला आणि चिंगीचं पाणी बदलायला आत गेली. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदातल्या खोट्या नोंदी मी लाल पेनने खोडल्या. ही नोंद सरळ सरळ खोटी होती. खोडायला फक्त एक वाक्य पाहिजे होतं, आणि ते माझ्या तोंडाशी आलंही होतं.

भैरवी म्हणाली, थँक्यू बाबा, तुम्ही होता म्हणून चिंगी वाचली.

मी म्हटलं, अगं, त्यात काय एवढं.